अडकल्यावर आधी कळवा

डिसेंबरातल्या एका सकाळी नाशिकरोड स्थानकावर एक निवृत्त दांपत्य गाडीची वाट पाहत उभे आहे, असे समजू. पती ओझरच्या हवाई दलाच्या दुरुस्ती आगारात नोकरीला होते. तिथला त्यांचा एक खासी सहकारी निवृत्तीनंतर शिलाँगला आपल्या घरी परतला आणि गेली कित्येक वर्षे फोनवर त्याचा एकच धोशा आहे, ‘एकदा या.’ शेवटी तिकिटे काढली. बॅगेत नाशिकचा चिवडा आहे, मनुका आहेत, मित्राच्या नातवासाठी लोकरीची टोपी आहे. गाडी भुसावळ, इटारसी, जबलपूर, पाटणा करत दोन रात्रींनी गुवाहाटीला पोहोचणार. अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. शिलाँगला रेल्वे जात नाही, म्हणून तिथून पुढचे शंभरेक किलोमीटर रस्त्याने जायचे. वेळापत्रकाप्रमाणे गाडी दुपारी पोहोचेल, मग सुमो पकडून रात्रीच्या जेवणाला मित्राच्या घरी. कागदावर सगळे जमून आलेले आहे.

एवढ्या लांबच्या प्रवासात काही ना काही बिनसते, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. गाडी लेट होते, मार्ग बदलतो, फोन हरवतो, पोट बिघडते. त्यातल्या बहुतेक अडचणींवर काही ना काही सोय नियमात करून ठेवलेली आहे. मात्र त्या सोयीला मुदत असते, आणि अडचण ठरलेल्या माणसाला वेळेत सांगितली तरच ती मिळते. आपल्याकडे माणसे पैशांपेक्षा संकोचाने जास्त अडतात. ‘कशाला उगाच त्रास द्यायचा’ म्हणत टीसीला विचारत नाहीत, रेल्वेला कळवत नाहीत आणि ज्याच्याकडे निघालो त्या मित्रालाही शेवटपर्यंत काही सांगत नाहीत. नुकसान तिथून सुरू होते.

पहिली अडचण या दांपत्याची वाट पाहत बसलेलीच आहे, ती म्हणजे धुके. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, जमीन झपाट्याने थंड होते आणि जमिनीलगतच्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन ते जागच्या जागी तरंगत राहतात. नद्या, कालवे आणि ओलिताखालची शेते यांमुळे त्या हवेत ओलावा मुळातच भरपूर असतो. अशा पहाटे इंजिनचालकाला पुढचा सिग्नल दिसत नाही. त्यावर रेल्वेचा जुना उपाय फटाक्यांचा. सिग्नलच्या अलीकडे सुमारे २७० मीटरवर रेल्वेचा माणूस रुळावर दोन चपट्या डब्या बसवतो. इंजिनाचे चाक त्यांवरून गेले की मोठा आवाज होतो आणि सिग्नल जवळ आल्याचे चालकाला कळते. आता जोडीला जीपीएसवर चालणारे उपकरण इंजिनात असते. ते पुढचा सिग्नल, फाटक किंवा स्थानक किती अंतरावर आहे ते दाखवते. पण उपकरण धुके हटवत नाही. वेग कमीच ठेवावा लागतो.

एकदा उशीर झाला की तो वाढत जातो, यालाही कारण आहे. वेळापत्रकात प्रत्येक गाडीला रुळावर एक ठरावीक जागा असते. ती वेळ हुकली की पुढे वेळेवर धावणाऱ्या गाड्यांना वाट देत थांबावे लागते. मोठ्या स्थानकात फलाट रिकामा नसेल तर गाडी आउटरला उभी राहते. म्हणून मध्य प्रदेशात तासभर मागे असलेली गाडी बिहार ओलांडेपर्यंत सहा-सात तास मागे पडली, तर त्यात आश्चर्य नाही. हिवाळ्यात उत्तरेकडे निघताना हा उशीर गृहीत धरूनच पुढचा बेत आखावा.

पश्चिमेकडे हेच काम पाऊस करतो. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक लावते, त्या काळात गाड्या जाणीवपूर्वक हळू चालवतात. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. या काळजीमागे जीवघेणा अनुभव आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीला भीषण अपघात झाला होता. अलीकडे जुलै २०२४ मध्ये गोव्यातल्या पेडणे बोगद्यात पाणी शिरले आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. गाड्या रद्द झाल्या, काही पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवल्या गेल्या. जुलैत केरळातल्या किंवा मंगळूरच्या मित्राकडे निघणाऱ्याने ही शक्यता आधीच डोक्यात ठेवावी.

आता नियम. गाडी चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि प्रवाशाने जायचे रद्द केले, तर पूर्ण भाडे परत मिळते. ई-तिकीट असेल तर त्यासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो आणि तो गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधीच भरावा लागतो. खिडकीवरचे तिकीटही गाडी सुटण्यापूर्वीच परत करायचे असते. ‘घरी जाऊन निवांत भरू’ म्हणणाऱ्याचे पैसे इथेच बुडतात. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात, अर्जाची गरज नसते. गाडी वळवली आणि ती आपल्या चढण्याच्या किंवा उतरण्याच्या स्थानकावरून जाणारच नसेल, तर गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांच्या आत टीडीआर भरता येतो. वातानुकूलित डब्यातले एसी बंद पडले तर भाड्यातला फरक मिळतो, पण त्यासाठी टीटीईकडून, म्हणजे गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडून, तसा दाखला घ्यावा लागतो आणि गाडी पोहोचल्यापासून २० तासांत अर्ज करावा लागतो. उकाड्यात सगळा डबा रेल्वेच्या नावाने बोटे मोडत बसतो, पण दाखला मागायला क्वचितच कोणी उठते.

जोडगाडीचा नियम तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. एका गाडीने उतरून दुसरी पकडायची असेल तर १ एप्रिल २०१९ पासून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे भाडे रद्द करण्याचा दंड न कापता परत मिळते. अट अशी की दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील सारखा हवा आणि तिकिटे काढतानाच जोडलेली हवीत. दोन तिकिटे वेगवेगळी काढली तर रेल्वेच्या लेखी ते दोन स्वतंत्र प्रवास ठरतात.

अर्थात पैसे परत मिळाले म्हणून मित्राच्या घरी पोहोचता येत नाही. आपल्या दांपत्याला प्रवास करायचाच आहे, म्हणून त्यांच्या दृष्टीने परताव्यापेक्षा शेवटचा टप्पा महत्त्वाचा. गुवाहाटी देशाच्या पूर्वेला, पण घड्याळ सगळीकडे एकच. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास. स्थानकाला लागून असलेल्या पलटन बाजारातून शिलाँगच्या सुमो सुटतात. शिलाँगपर्यंत तीन-साडेतीन तासांचा डोंगरातला रस्ता आहे. दुपारची गाडी रात्री दहाला आली तर सामायिक सुमो मिळण्याची आशा धरू नये, आणि मिळेल ती खासगी गाडी करून त्या वेळी निघण्यात शहाणपण नाही. म्हणून पहिल्या रात्रीचा मुक्काम गुवाहाटीतच धरावा. रेल्वे स्थानकांवरच्या विश्रामकक्षांची खोली पीएनआरवर ऑनलाइन राखून ठेवता येते. गाडी वेळेवर आली तर एका खोलीचे भाडे वाया जाईल, पण गाडी उशिरा आली तर तीच खोली दोन म्हाताऱ्या माणसांची रात्र फलाटावर जाऊ देणार नाही.

वाटेतली दुसरी नेहमीची फजिती फलाटावर घडते. इटारसीला गाडी थांबते, पती बाटली घेऊन नळाकडे जातात, नळावर गर्दी असते, बाटली अर्धी भरते आणि गाडी हलते. गाडी लेट असेल तर उशीर भरून काढण्यासाठी थांबा आखडता घेतला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. अशा वेळी हलत्या गाडीच्या दांडीला हात घालणे हा सर्वांत धोक्याचा निर्णय. गाडी गेली तर जाऊ द्यावी. फलाटावरच्या माणसाने थेट स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाचे (आरपीएफ) ठाणे गाठावे आणि १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन करून गाडीचा क्रमांक, डबा आणि बर्थ सांगावा. डब्यातल्या जोडीदाराने लगेच टीटीईला गाठून सांगावे, म्हणजे बर्थ दुसऱ्याला दिला जाणार नाही आणि सामानही खाली कुठे उतरवायचे ते ठरवता येईल. साखळी ओढणे हा अगदी शेवटचा उपाय. पुरेशा कारणाशिवाय ती ओढली तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तीच साखळी म्हातारे माणूस किंवा मूल डब्यात चढता चढता खाली राहिले तर ओढण्यासाठीच आहे, तेव्हा कचरू नये.

चोरीच्या बाबतीत मात्र पहिला तास फार मोलाचा असतो. रात्री झोपेत उशाखालचा फोन गेला असे धरू. आजकाल फोनमध्ये तिकीट असते, बँक असते, मित्राचा पत्ता असतो आणि त्याचा नंबरही. घरातल्या कोणाचाच नंबर पाठ नसतो. म्हणून निघण्यापूर्वी मित्राचा, मुलांचा आणि बँकेचा नंबर, पीएनआर आणि मित्राचा पूर्ण पत्ता एका कागदावर लिहून त्याची एकेक प्रत दोघांच्याही खिशात ठेवावी. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, तोही त्याच कागदावर टिपावा. फोन गेला की आधी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत, सिमकार्ड बंद करावे. पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पैसे पुढे पुढे सरकवले जाण्याआधी ते मध्येच रोखता येण्याची शक्यता त्या सुरुवातीच्या वेळातच असते. नंतर पोलिसांच्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय टाकून तो फोन देशभरातल्या नेटवर्कवर बंद करता येतो.

तक्रारीसाठी गाडीतून उतरावे लागते, असा समज अजून टिकून आहे. गाडीतल्या टीटीईकडे, गार्डकडे किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे तक्रारीचा अर्ज देता येतो, तो पुढच्या रेल्वे पोलीस ठाण्यात जातो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून अडवून न धरता कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घेण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट शब्दांत आहे. ओळखपत्र गेले असेल तर डिजिलॉकरमधले आधार किंवा वाहन परवाना दाखवावा, रेल्वेला तो चालतो. आणि जे गेलेले नाही ते जाऊ नये म्हणून खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात. बॅगेची साखळी त्यांत अडकवायला अर्धे मिनिट लागते.

दुखण्याखुपण्याचे थोडक्यात. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नव्हे, अंगाजवळच्या पिशवीत ठेवाव्यात आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा किमान तीन दिवसांच्या जास्त घ्याव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोन्ही फोनमध्ये असावा. पोट बिघडले तर सर्वांत आधी शरीरातले पाणी सांभाळायचे. ओआरएसची पाकिटे नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण नीट मोजून घ्यावे. मीठ अंदाजाने वाढवू नये. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसली तर ‘पित्त असेल’ म्हणत बसू नये. १३९ वर सांगितले की पुढच्या थांब्यावर डॉक्टर बोलावण्याची व्यवस्था होते. शेजारच्या डब्यात एखादा डॉक्टर असण्याची शक्यताही असते, टीटीईला आरक्षणाच्या यादीवरून विचारपूस करता येते.

मित्र परदेशात असेल तर सामान हरवण्याची धास्ती मोठी. तिथेही तेच सूत्र चालते. पट्ट्यावर बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅग फुटलेली मिळाली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. भारतही या करारात आहे. आणि कधी कधी दोष कोणाचाच नसतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या एका ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातला मोठा हवाई प्रदेश सुमारे आठवडाभर बंद राहिला. एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली, लाखो माणसे अडकली. पुढे २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की अशा नैसर्गिक संकटातही अडकलेल्या प्रवाशांच्या खाण्याची आणि मुक्कामाची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते. ज्यांनी मुक्कामाच्या, जेवणाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांना हा खर्च मागता आला.

प्रवास जागच्या जागी थांबला तर काय करायचे, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण २०१९ चे आहे. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. पहाटे उजाडले तेव्हा चहूकडे पाणीच पाणी होते आणि गाडीत हजाराहून अधिक प्रवासी. अंधार, बंद पडलेले पंखे, पोरांची रडारड, संपत आलेले पिण्याचे पाणी. अशा वेळी उतरून चालत सुटावेसे वाटणे साहजिक आहे. रेल्वेने मात्र पुन्हा पुन्हा कळवले की डब्यातच थांबा, सर्वांत सुरक्षित जागा तीच आहे. पाण्याखाली खडी कुठे वाहून गेली आहे, प्रवाह किती ओढीचा आहे, हे वरून कळत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावांतली माणसे बोटी घेऊन आली. चामटोलीसारख्या गावांतल्या लोकांनी बाहेर काढलेल्यांना आधार दिला. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले आणि त्यांना कल्याणहून विशेष गाडीने कोल्हापूरकडे रवाना केले. एवढ्या मोठ्या गर्दीत एकही जीव गेला नाही, कारण माणसे डब्यात बसून राहिली आणि बाहेरच्यांना त्यांचा ठावठिकाणा नेमका ठाऊक होता.

हा ठावठिकाणा माहीत असण्याचा मुद्दा शिलाँगच्या मित्राकडे घेऊन जातो. पाहुण्याची वाट पाहणारा माणूस हा लांबच्या प्रवासातला सर्वांत मोठा आधार असतो, आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. त्याच्याकडे चार्ज केलेला फोन आहे, नेटवर्क आहे, स्थानिक भाषा आहे, ओळखीचा ड्रायव्हर आहे. गाडी बोगद्यात किंवा जंगलात असताना त्याला घरबसल्या एनटीईएस या रेल्वेच्या चौकशी सेवेवर गाडीचा क्रमांक टाकून ती कुठे आहे ते दिसते. पण त्यासाठी गाडीचा क्रमांक, पीएनआर आणि डबा त्याला निघण्यापूर्वी पाठवलेला हवा. आपल्याकडे निरोप देताना ‘पोहोचल्यावर कळव’ म्हणतात. लांबच्या प्रवासात त्याला दोन गोष्टी जोडायला हव्यात. रोज ठरावीक वेळी, समजा सकाळी आठ आणि रात्री आठ, एक निरोप पाठवायचा. आणि निरोप आला नाही तर किती तास थांबून चौकशी सुरू करायची, तेही आधी ठरवायचे. मग मधल्या वेळात फोन लागला नाही म्हणून दोन्हीकडे जीव टांगणीला लागत नाही.

यजमानालाही थोडी शिस्त लागते. पाहुणे येण्याच्या दिवशी जेवणावळ ठेवू नये, चेरापुंजीची सहल दुसऱ्याच दिवशी पहाटे ठरवू नये. उशीर झाल्याचे पाहुण्याने सांगितले तर ‘आम्ही किती वाट पाहिली’ हे वाक्य गिळून टाकावे. त्या वाक्याने आलेला संकोच पुढच्या वेळी पाहुण्याला गप्प बसवतो.

आपले दांपत्य आता पाटण्याच्या पुढे कुठेतरी आहे. गाडी आठ तास मागे आहे. दुपारीच त्यांनी शिलाँगला कळवले, ‘आज येत नाही, गुवाहाटीत उतरतो, खोली घेतली आहे.’ मित्राने सकाळी नऊची गाडी ओळखीच्या ड्रायव्हरकडे ठरवून टाकली आणि घरी स्वयंपाक एक दिवस पुढे ढकलला. चिवड्याची पिशवी बॅगेत आहे, गोळ्या खिशात आहेत.

तुम्हीही कोणाकडे लांब निघणार असाल तर आज एवढे करा. एका कागदावर यजमानाचे नाव, पत्ता, फोन, गाडीचा क्रमांक, पीएनआर, १३९, ११२ (आपत्कालीन मदतीसाठी) आणि १९३० लिहा. त्याच कागदाचा फोटो यजमानाला पाठवा, आणि त्याच्याशी बोलून निरोपाची वेळ ठरवा.